बहात्तरातला एक

आमच्या मुरबे गावात विमानतळ नाही. जवळचं रेल्वे स्टेशन बोईसर, खाडीच्या पलीकडे सातपाटी आणि समोर समुद्र. गाव मच्छीमारांचं. अशा गावात राहून मी गेली पन्नास वर्षं लढाऊ विमानं आणि हेलिकॉप्टरं बनवतो, असं कोणाला सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्याकडे बघतो आणि मग हळूच घड्याळाकडे. म्हणून लगेच खुलासा करतो. माझं सगळ्यात मोठं विमान वितीत मावतं.

मी करतो ती प्रमाणबद्ध मॉडेल्स. माझं प्रमाण बहात्तरास एक, म्हणजे खऱ्या विमानाचं प्रत्येक माप बहात्तरने भागायचं. मिग-२१ च्या पंखांचा विस्तार सव्वासात मीटरला थोडा कमी, तो माझ्या टेबलावर जेमतेम दहा सेंटिमीटर होतो. या हिशेबात चूकही बहात्तरपट होते, हे नवख्यांच्या लक्षात येत नाही. पंखाच्या सांध्यात अर्ध्या मिलिमीटरची फट राहिली, तर ती खऱ्या विमानावर साडेतीन सेंटिमीटरहून रुंद भेग झाली. असल्या विमानात कोणता वैमानिक बसेल?

बारक्या वस्तूलाही मोठीचेच नियम लागतात, हे मला विमानाने नव्हे तर होडीने शिकवलं. लहानपणी आम्ही मुलं पांगाऱ्याच्या लाकडाच्या होड्या कोरायचो. पांगारा हलका, सुरीने सहज तासला जातो. माझी पहिली होडी दिसायला झकास होती, पण पाण्यात सोडली की आडवी व्हायची. किनाऱ्यावर एक सुतार मोठ्या होडीच्या फळ्या बसवत होते. त्यांच्याकडे कागदावर काढलेला नकाशा नसे. सुतळी, कोळसा आणि डोळा एवढ्यावर काम चाले. त्यांनी माझी होडी उचलली, तळाशी अंगठा फिरवला आणि म्हणाले, "बारकी झाली म्हणून पाणी काय तिला माफ करणार?" मग दोन बाजूंनी थोडं थोडं तासून परत दिली. ती तरंगली.

१९७१ च्या डिसेंबरात मी पाचवीत होतो. तारापूरच्या दोन अणुभट्ट्या सुरू होऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती आणि त्या आमच्या गावापासून काही फार लांब नाहीत. संध्याकाळ झाली की खिडक्यांना काळे कागद आणि कंदिलाची वात खाली. आकाशात आवाज आला की मोठी माणसं विचारायची, "आपलं का त्यांचं?" उत्तर कोणाकडेच नसायचं. हा प्रश्न लक्षात ठेवा, कारण माझ्या छंदाच्या इतिहासात तो मोठ्या महत्त्वाचा आहे.

लढाईनंतर दोनेक वर्षांनी माझे एक मामा, जे व्यापारी जहाजावर होते, परदेशातून माझ्यासाठी एक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आले. पिशवीत सी हॉक या जेट विमानाचे सुटे भाग होते. कंपनी इंग्लंडची, एअरफिक्स. सी हॉक म्हणजे आपल्या 'विक्रांत'वरून उडालेलं विमान, हे वर्तमानपत्रात वाचून ठाऊक होतं. मी ते दोन दिवसांत चिकटवलं. पण पिशवीतल्या खुणा ब्रिटिश आरमाराच्या होत्या, लाल-पांढऱ्या-निळ्या. त्या मी फेकल्या आणि शाळेच्या रंगपेटीतून आपली तिरंगी वर्तुळं काढली. मधोमध केशरी, मग पांढरं, बाहेर हिरवं. वर्गात माझा भाव एकदम वधारला.

त्या सुट्टीत आमच्या आळीतले एक काका घरी आले होते. ते नौदलात विमानांच्या देखभालीवर होते आणि 'विक्रांत'वर त्यांची नोकरी झाली होती. कोणीतरी कौतुकाने त्यांना विमान दाखवलं. काकांनी ते हातभर लांब धरलं, एक डोळा मिटला आणि म्हणाले, "विमान आपलं आहे, खूण आपली नाही."

माझा चेहरा पडलेला पाहून त्यांनी समजावलं. "झेंडा वरून खाली वाचतोस ना? तसं हे बाहेरून आत वाचायचं. बाहेर केशरी, मग पांढरा, मधे हिरवा."

मी म्हटलं, "काका, एवढ्याशा ठिपक्यात कोणाला कळणार आहे?"

"ज्याला गोळी झाडायची असते त्याला तेवढाच ठिपका दिसतो," ते म्हणाले आणि चहा प्यायला लागले.

हे वाक्य मला पुरतं समजायला बरीच वर्षं लागली. हा छंद इंग्लंडात रुजला. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे स्कायबर्ड्स नावाची लाकडी मॉडेल्स निघाली आणि त्यांनी बहात्तरास एक हे प्रमाण रूढ केलं. कारण साधं आहे. सहा फुटांचा माणूस या प्रमाणात बरोबर एक इंचाचा होतो आणि फूट-इंचात वाढलेल्या लोकांना तो हिशेब सोपा. १९३६ मध्ये फ्रॉग या कंपनीने प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून करायची विमानं आणली. फ्रॉगची आधीची विमानं खरोखर उडणारी होती, ही न उडणारी. म्हणून त्यांचं नाव ठेवलं पेंग्विन! ते प्लॅस्टिक मात्र आजच्यासारखं नव्हतं. दिवसांनी वाकडं व्हायचं. आज जुनी पेंग्विन विमानं हाती लागली तरी सरळ पंखाचं सापडणं कठीण.

मग दुसरं महायुद्ध आलं आणि मुलांचा खेळ सैन्याच्या कामाला लागला. ७ डिसेंबर १९४१ ला जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला, हे सगळ्यांना माहीत आहे. त्याच रात्री एंटरप्राइझ या अमेरिकी विमानवाहू जहाजाची सहा लढाऊ विमानं तिथे उतरायला आली, तेव्हा धास्तावलेल्या अमेरिकी तोफांनी आपल्याच विमानांवर मारा केला आणि त्यातली काही पाडली, हे फारसं सांगितलं जात नाही. आपलं का त्यांचं, हाच प्रश्न. पुढच्याच महिन्यात अमेरिकेच्या नौदलाने देशभरातल्या शाळांना आवाहन केलं. पन्नास जातींच्या विमानांची प्रत्येकी दहा हजार, एकूण पाच लाख लाकडी मॉडेल्स विद्यार्थ्यांनी करून द्यावीत. प्रमाण बहात्तरास एक, रंग सगळ्यांना काळा.

काळा का, तर आकाशात विमान येतं तेव्हा त्याचा रंग दिसत नाही, आकृती दिसते. पंख कुठून निघतो, शेपूट किती उंच, नाक बोथट की टोकदार. आणि प्रमाण नेमकं असल्यामुळे अंतराचाही अंदाज शिकवता येई. मॉडेल दहा मीटरवर टांगलं की खरं विमान ७२० मीटरवर जेवढं दिसेल तेवढंच दिसतं. तोफेवरच्या पोराने ते पाहून ओळखायचं. पंख दोन मिलिमीटर जाड राहिला तर तो पोरगा चुकीची आकृती शिकणार, म्हणून मापं तपासूनच मॉडेल्स स्वीकारली जात. चांगलं काम करणाऱ्या मुलांना नौदलातल्या हुद्द्यांची नावं असलेली प्रशस्तिपत्रं मिळत. शाळेतली मुलं रंधा-कानस घेऊन एका महायुद्धात उतरली होती, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही.

आपल्या खुणेचाही याच्याशी संबंध आहे. ब्रिटिश विमानांच्या वर्तुळात मधोमध लाल ठिपका असे. जपानी विमानांवर नुसता लाल गोळा. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर घोटाळा होऊ नये म्हणून आपल्याकडच्या विमानांवरून लाल रंग काढून टाकला आणि निळ्याच्या दोन छटांवर काम भागवलं. स्वातंत्र्य आल्यावर काही काळ अशोकचक्राची खूण होती, १९५० पासून आजचं तिरंगी वर्तुळ आलं. म्हणजे एखाद्या मॉडेलवरची गोल खूण पाहून ते विमान कोणत्या काळातलं, हे सांगता येतं. अर्थात करणाऱ्याने ती बरोबर काढली असेल तर.

युद्ध संपल्यावर पॉलिस्टायरिन स्वस्त झालं आणि हा छंद घराघरांत पोचला. मी पुढे तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या टूलरूममध्ये साच्यांचं काम केलं, त्यामुळे या भागाबद्दल मला जरा जास्तच बोलावंसं वाटतं. प्लॅस्टिकचं विमान स्वस्त असतं, त्याचा साचा अतिशय महाग. पोलादात उलटं विमान कोरायचं, पत्र्यांच्या सांध्यांची प्रत्येक रेघ सुलट्याची उलट. वितळलेलं प्लॅस्टिक दाबाने आत जातं, थंड होताना थोडं आकसतं, तो आकस आधीच धरून साचा किंचित मोठा ठेवावा लागतो. एकदा साचा झाला की हजारो नग निघतात आणि साच्यात एक चूक असेल तर तीही हजारो घरांत जाते. इंग्लंडात हे नग पिशवीत भरून दोन शिलिंगांना विकले जात. आमच्या मामांनी आणलेली पिशवी त्याच खानदानातली.

नेमकेपणाचा धसका मोठ्या लोकांनीही घेतला होता. १९६१ मध्ये रेव्हेल कंपनीने पोलारिस क्षेपणास्त्रांच्या अणुपाणबुडीचं मॉडेल काढलं. अमेरिकेच्या अणुपाणबुड्यांचे जनक ॲडमिरल रिकोव्हर खवळले. तीन डॉलरच्या आत रशियाला एवढी माहिती मिळते आहे, अशी त्यांची तक्रार होती. उलट गंमत १९८६ ची. अमेरिकेचं रडारला न दिसणारं विमान तेव्हा गुप्त होतं. टेस्टर्स कंपनीने अंदाजाने त्याचं मॉडेल काढलं, एफ-१९ या नावाने. ते धडाधड खपलं आणि त्याची चर्चा थेट तिथल्या संसदेत झाली. दोन वर्षांनी खरं विमान जगाला दाखवलं, तर त्याचं या मॉडेलशी काही साम्यच नव्हतं.

आता आपल्याकडे येऊ. भारतीय विमान करायचं तर अडचण वेगळीच असते. साचे परक्यांचे, विमानंही त्यांच्या सोयीची. नॅट हे चिमुकलं विमान आपण १९६५ आणि १९७१ मध्ये लढवलं. १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरवर फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों नॅटमधूनच एकटे लढले आणि त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. पण एअरफिक्सच्या पुड्यात वर्षानुवर्षं जे नॅट मिळे ते दोन आसनांचं, प्रशिक्षणाचं. ब्रिटिश हवाई दलाने एक आसनाचं लढाऊ नॅट वापरातच घेतलं नाही, मग कंपनीने तरी ते कशाला काढावं? दोन आसनांच्या नॅटचं धड लांब, पंखही मोठे. त्यावर नुसतं तिरंगी वर्तुळ चिकटवून सेखोंचं विमान म्हणणं म्हणजे लबाडीच. मी धड करवतीने कापलं, मधला तुकडा काढला, पंख तासले, वरची काच नव्याने ओढली. तीन नॅट वाया गेली, चौथं जमलं.

मिगची तऱ्हा आणखी निराळी. मिग-२१ नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यात तयार झालं, म्हणजे ते जवळजवळ आपल्या घरचंच. पण त्याचा एफएल हा प्रकार मुळात तोफेशिवाय आला होता. पुढे पोटाखाली तोफेची पेटी बसवण्यात आली. म्हणजे १९७१ चं विमान करायचं तर ती पेटी हवी. आणि लढाईच्या सुमारास चांदीसारखी चकचकीत विमानं घाईघाईने हिरव्या पट्ट्यांनी रंगवली गेली, ती प्रत्येक तुकडीने आपापल्या पद्धतीने. त्या काळची छायाचित्रं बहुतेक काळी-पांढरी. हिरवा होता, पण कसला हिरवा? शेवाळाचा की केळीच्या पानाचा? मिग-२१ ला २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला निरोप दिला. ज्यांनी ती विमानं हाताने रंगवली ते लोक आहेत तोवरच हे विचारता येईल. मी विचारत सुटलो आहे.

मारुत या विमानाबद्दल बोलायचं तर वेगळं भाषण करावं लागेल. जर्मन अभियंते कुर्ट टँक यांनी बंगळुरूत रचलेलं, १७ जून १९६१ ला पहिल्यांदा उडालेलं आपलं जेट. एवढंच सांगतो, की त्याच्या आधी १९५९ मध्ये त्याच मापाचं इंजिन नसलेलं लाकडी विमान दुसऱ्या विमानाने ओढून आकाशात नेलं होतं. एकास एक प्रमाणाचं मॉडेलच म्हणा ना! वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात मारुत उभं आहे. मुलांना घेऊन जाल तेव्हा दोन मिनिटं थांबून पहा.

हेलिकॉप्टर करणं त्याहून अवघड, असं माझं मत आहे. विमान स्थिर असतं तसंच उडतं. हेलिकॉप्टरची पाती जमिनीवर असताना आपल्या वजनाने खाली झुकतात आणि हवेत वर उचलली जातात. बाजारातल्या मॉडेलमध्ये ती पट्टीसारखी सरळ असतात, म्हणजे धड जमिनीवरची नाहीत, धड हवेतली नाहीत. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळात गाल कन्स्ट्रक्टर नावाचा तराफा भरकटून आमच्या पालघर किनाऱ्यावर, वडराईजवळ अडकला. त्यावर १३७ माणसं होती. दुसऱ्या दिवशी तटरक्षक दलाची चेतक आणि नौदलाचं सी किंग हेलिकॉप्टर आलं आणि सगळे सुखरूप सुटले. चेतक दमणहून आली होती, तेव्हा आमचा किनारा तिच्या वाटेतलाच. आवाज ऐकून मी अंगणात धावलो. वारा अजून पडलेला नव्हता. त्यानंतर मी जी चेतक केली तिची पाती चहाच्या वाफेवर धरून वरच्या बाजूला वळवली. गावातला एक खलाशी ती बघून म्हणाला, "ही हवेतली आहे." मला दुसरं प्रशस्तिपत्र नको.

आणि आता 'विक्रांत'. २०० मीटरहून लांब असलेलं हे जहाज १९६१ च्या मार्चमध्ये बेलफास्टला आपल्या नौदलात आलं. १९७१ मध्ये त्याच्या चार बॉयलरपैकी एकाला तडे गेलेले. वेग कमी, वाफ जपून वापरायची, तरी ४ डिसेंबरला त्याच्या डेकवरून सी हॉक उडाली आणि कॉक्स बझार व चितगाववर जाऊन आली. जहाज १९९७ मध्ये निवृत्त झालं आणि २००१ पासून मुंबईत संग्रहालय म्हणून लोकांना पाहायला मिळू लागलं.

काका तोवर निवृत्त होऊन मुरब्यातच स्थायिक झाले होते. २००३ च्या हिवाळ्यात मी त्यांना घेऊन गेलो. बाकी लोक फोटो काढत होते. काका डेकवर पोचल्यावर ताठ झाले आणि सरळ एका जागी जाऊन उभे राहिले. तिथे विमान बांधून ठेवायची कडी होती. "वाऱ्यात सी हॉक इथे बांधायचो," म्हणाले. "पंख मिटलेले." मी खिशातून मोजपट्टी काढली. एका कड्यापासून दुसऱ्या कड्यापर्यंत मी पट्टी धरून आकडा सांगायचा आणि काकांनी वहीत लिहायचा, असं तास-दीड तास चाललं. पहाऱ्यावरच्या माणसाने दोनदा येऊन विचारलं. काकांनी त्याला नौदलातल्या बोलीत काहीतरी सांगितलं, मग तोही पट्टीचं टोक धरायला बसला.

२०१२ मध्ये संग्रहालय बंद झालं. जहाज जपण्यासाठी लोक न्यायालयात गेले, यश आलं नाही. २०१४ च्या नोव्हेंबरात दारूखान्यात ते तोडायला सुरुवात झाली. मी बघायला गेलो नाही. काकांनीही तो विषय काढला नाही, पण एक दिवस घरी येऊन विचारलं, "वही आहे ना रे?"

वही आहे. आज काका नाहीत. पूर्ण 'विक्रांत' माझ्या प्रमाणात केली तर जवळजवळ तीन मीटर लांब होईल आणि आमच्या पडवीत माणसांना बसायला जागा उरणार नाही. म्हणून मी डेकचा फक्त तेवढाच भाग करतो आहे. होडीच्या कामातून उरलेली प्लायची फळी, तिच्यावर पंख मिटलेलं सी हॉक, बाहेर केशरी आणि मधे हिरवा. तांब्याच्या तारेची बारीक कडी एकेक करून वहीतल्या अंतरावर बसवतो. समुद्राच्या हवेने वहीची पानं मऊ पडली आहेत आणि शाई फुटली आहे. एका कड्यापुढे काकांनी लिहिलेला आकडा १४१ सेंटिमीटर आहे की १४९, ते लागत नाही. त्यांचा एक आणि नऊ सारखाच यायचा. बहात्तरने भागल्यावर फरक उरतो मिलिमीटरहून किंचित जास्त. घरातले म्हणतात, टाका बसवून, कोणाला दिसणार आहे? बाकीची कडी बसवून झाली. त्या एकाचं भोक मी अजून पाडलेलं नाही.